सीमाभागातल्या हायस्कूलला इंग्रजी शिकवायला निघालाय? मग हे वाचून जा

बीएड झालं, इंटर्नशिप झाली, आता जूनपासून कुठल्यातरी मराठी हायस्कूलला इंग्रजीला उभं राहायचंय, असं सांगत दरवर्षी कोण ना कोण फोन करतंच, टीचर, सुरुवात कुठनं करू? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं. मी आधी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला होते, आता बेळगावजवळच्या एका खेड्यात आहे, दोन्ही कर्नाटकातल्या मराठी मिडीयम शाळा, आठवी ते दहावी. निपाणी-चिकोडीकडच्यांना थोडा फरक जाणवेल, पण पोरं तीच आणि पेपर पण तोच.

सगळ्यात आधी डोक्यातनं एक काढून टाका, की ही पोरं भाषेत कच्ची आहेत. स्टाफरूममध्ये हे तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळणार, "यांना काय येत नाही हो, पासिंगपुरतं बघा." आता विचार करा, घरात आपली बेळगावी मराठी, बाजारात नि बसमध्ये कन्नड, मोबाईलवर हिंदी, कणकुंबीच्या बाजूला गेलात तर घरात कोंकणीच्या अंगानं जाणारी बोली. आठवीतलं पोरगं आज्जीला घेऊन पेन्शनच्या कामाला नाडकचेरीत, म्हणजे महसूलच्या ऑफिसात, जातं, कन्नडमधला फॉर्म वाचतं, आज्जीला मराठीत समजावून सांगतं, ती काय म्हणाली ते टेबलापलीकडच्या माणसाला परत कन्नडमध्ये सांगतं आणि काम करून घेऊन येतं. हेच पोरगं इंग्रजीच्या तासाला तुमची नजर चुकवत बसतं. कारण बाजारात कन्नड चुकलं तर कोण हसत नाही, काम झालं म्हणजे झालं. वर्गात इंग्रजी चुकलं की मागचा बाक हसतो, सर ओरडतात आणि मार्क पण जातात. म्हणजे भाषेची अडचण कमी आणि भीती जास्त आहे, आणि ती भीती शाळेनंच घातलेली आहे. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीभोवती फिरतं, की पोराला चुकीचं का होईना पण स्वतःचं इंग्रजी वाक्य करायला लावायचं, रोज, आणि त्यावर कोणी हसलं तर त्या हसणाऱ्याला पुढचं वाक्य करायला उभं करायचं.

शाळा उघडली की सेतुबंध असतो, म्हणजे मागच्या वर्षांचं राहिलेलं भरून काढायची उजळणी. आठवीत येणारी पोरं आजूबाजूच्या गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळांतून आलेली असतात आणि प्रत्येक शाळेचं पाणी वेगळं. सेतुबंधची पूर्वपरीक्षा घेऊन मार्क भरून टाकणं म्हणजे कागद झाला, काम नाही. मी काय करते, पाचवीच्या इंग्रजी पुस्तकातलं एक पान घेऊन व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते, वर्गाला काहीतरी लिहायला देते आणि एकेकाला बाहेर बोलावून चार ओळी वाचायला लावते, वर्गासमोर अजिबात नाही. वाचून झालं की विचारते, काय म्हटलंय यात? मराठीत सांग, चालतंय. तिथंच सगळं कळतं. काहींना वाचता पण येतं आणि कळतं पण, ते थोडेच. काहींना अक्षरं जुळवायलाच येत नाहीत, ते लगेच दिसून येतात. पण मधला गठ्ठा मोठा असतो आणि तोच आपल्याला फसवतो, धडाधड वाचतात, अडखळत नाहीत, आणि काय वाचलंस विचारलं की तोंडाकडं बघत बसतात. मराठी-कन्नड दोन्ही लिपी अशा की जे लिहिलंय तेच वाचायचं, त्यामुळं आवाज काढण्यात ही पोरं तरबेज असतात. इन्स्पेक्शनला साहेब आले की अशाच पोराला उभं करून वाचायला लावतात आणि वर्ग चांगला आहे म्हणून शेरा देऊन जातात.

याच गठ्ठ्यातल्या पोरांची पुस्तकं उघडून बघा. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेला असतो, 'नो' (know) वर 'क्नो', 'लिसन' वर 'लिस्टेन' असं पण सापडतं. बरेच सर हे बघून चिडतात, खोडरबर घेऊन पुसायला लावतात. मी आठवीत राहू देते, फक्त उच्चार चुकीचा असेल तर नीट करून देते, कारण पोरगं त्याच्या परीनं काठी धरून चालतंय. मात्र नववीच्या दिवाळीनंतर नवीन धड्यावर पेन्सिल चालवायची नाही असं आधीच सांगून ठेवते आणि पाळायला पण लावते. तोपर्यंत नाही सुटलं तर दहावीत सुटत नाही, पेपरात पॅसेज येतो त्यावर पेन्सिल फिरवत बसायला वेळ कुठला.

आता धडा शिकवायची आपल्याकडची पद्धत, एक ओळ वाचायची, तिचं मराठी सांगायचं, परत पुढची ओळ. तास संपतो तेव्हा पोरांना गोष्ट कळलेली असते पण ती मराठीत, इंग्रजीची एक ओळ पण कानात राहिलेली नसते, कारण पोरं हुशार असतात, इंग्रजी सुरू झालं की कान बंद करतात आणि मराठीची वाट बघतात. मराठी वापरू नका असं मी म्हणत नाही हं, ते इंग्लिश ओन्लीचं फॅड आपल्याकडं चालत नाही आणि चालवू पण नये. पण सगळं मराठी सुरुवातीला वापरून टाका. पाच-सात मिनिटं आख्खी गोष्ट मराठीत रंगवून सांगा, शेवटासकट. मग पुस्तक उघडा आणि त्यानंतर मराठी नाही. आता त्यांना गोष्ट माहीत आहे, त्यामुळं इंग्रजी ओळीत काय असेल याचा अंदाज ते स्वतः बांधायला लागतात. आमच्या दहावीच्या पुस्तकात लोकलमधून रुळावर पडलेल्या मुलीला वाचवणाऱ्या तरुणाचा धडा होता, तो असा घेतला की पोरं मला थांबवून विचारायची, टीचर, तो ट्रकवाला थांबला ते कुठल्या ओळीत आहे? मला तेच पाहिजे असतं.

ग्रामरबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथं आपल्या भागाचा फायदा घेता येतो आणि बाहेरनं आलेली गाईडं तो घेत नाहीत. सिंपल प्रेझेंट आणि प्रेझेंट कंटिन्युअस यातला फरक शिकवायला लोक फळ्यावर सूत्रं लिहितात. आपल्या पोराला विचारा, "तू रोज शाळेला कसा येतोस?" ते म्हणेल, "चालत येतो." रस्त्यात गाठून विचारा, "कुठं निघालास?" "शाळेला जाऊलालोय." झालं. जिथं तोंडातनं 'ऊलालोय' निघतं तिथं इंग्रजीत 'ॲम गोइंग', जिथं नुसतं 'जातो' तिथं 'गो'. पुस्तकी मराठीत 'मी जातो' दोन्हीकडं चालून जातं म्हणून घोळ होतो, आपल्या बोलीत हा फरक आधीपासनंच पक्का आहे. एक तास पुरतो, आणि पोरांना हसू येतं की टीचरनी चक्क फळ्यावर 'करूलालोय' लिहिलं. शुद्ध बोला म्हणून ज्या बोलीवर आपण सारखं रागावतो तिचा वर्गात उपयोग झालेला बघून त्यांची मान जरा वर येते, हा वरचा फायदा.

बाकी चुका कुठनं येतात ते पण बघून ठेवा, म्हणजे चिडचिड कमी होते. मराठीत 'मला आवडतं', कन्नडमध्ये पण 'ननगे इष्ट', दोन्हीकडं 'मला' नं सुरुवात, म्हणून पोरं 'मी लाइक मँगो' लिहितात, त्यात आपला 'मी' आणि इंग्रजी 'मी' कानाला सारखेच, त्यामुळं आणखी गोंधळ. प्रश्न करताना मराठीत 'तू कुठं गेलास' मध्ये शब्द हलत नाहीत, म्हणून 'यू वेन्ट व्हेअर'. टॅग तर बघायलाच नको, आपल्याला एक 'ना' पुरतो, कन्नडला एक 'अल्वा' पुरतो, इंग्रजीला प्रत्येक वाक्याचा टॅग वेगळा, मग पोरगं सगळीकडं 'इजन्ट इट' लावून मोकळं होतं. आणि रिपोर्टेड स्पीच. 'तो म्हणाला की मी उद्या येतो', मराठीत बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवायची सवय, म्हणून 'ही सेड दॅट आय विल कम टुमारो'. हे पाठ करून सुटत नाही. मी दोन पोरं उभी करते, एक दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतो, दुसरा मला येऊन रिपोर्ट करतो, आणि 'आय' म्हणाला की मी विचारते, कोण येणार, तू? आख्खा वर्ग ओरडतो, "ही, टीचर, ही!" असे दोन-तीन दिवस दहा-दहा मिनिटं केलं की मगच फळ्यावर टेबल लिहा. पॅसिव्हला मी लग्नपत्रिका आणायला लावते, आजकाल खेड्यात पण इंग्रजी पत्रिका छापतात, 'यू आर कॉर्डियली इन्व्हायटेड', कोणी बोलावलंय ते वाक्यात नाही तरी जेवायला जायचंय हे सगळ्यांना कळतं. ए, ॲन, द मात्र मराठीतही नाही आणि कन्नडमध्येही नाही, त्यामुळं तिथं शॉर्टकट नाही, वाचत गेल्यावर हळूहळू बसतं, आठवीत त्यासाठी मार्क कापू नका.

वह्या तपासताना सगळ्या चुका एकदम लाल करू नका. पान रक्तबंबाळ झालं की पोरगं ते पान उघडत नाही. एका आठवड्याला फक्त क्रियापद, पुढच्या आठवड्याला फक्त प्रश्न, बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्यायच्या. याला जिगर लागतं, कारण पालक किंवा हेडमास्तर वही बघून विचारतात की हे चुकीचं तसंच कसं सोडलं. सांगायचं, सोडलेलं नाही, त्याची पाळी यायचीय.

आता पेपर. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, आपल्या पोरांना पहिली भाषा मराठी, ती १२५ मार्कांची, आणि इंग्रजी दुसरी भाषा म्हणून १०० ची, त्यात लेखी ८० आणि इंटर्नल २०. वर्षभरात एफए (छोट्या चाचण्या) आणि एसए (सत्र परीक्षा) चालू असतात, जानेवारी-फेब्रुवारीत प्रिपरेटरी म्हणजे सराव परीक्षा, मग बोर्ड. २०२४ पासून त्याच वर्षात एकापेक्षा जास्त वेळा बोर्डाला बसायची संधी झालीय, त्यामुळं 'नापास झालं की वर्ष गेलं' ही धास्ती बरीच कमी झालीय, घरच्यांना हे नीट समजावून सांगा, बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं. आणि रिझल्ट लागतो तेव्हा बेळगाव आणि चिकोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे म्हणून लागतो, टक्केवारीवरनं वरनं खाली प्रेशर येतं, ते शेवटी तुमच्या तासावर येऊन पडणार हे गृहीत धरा.

त्या प्रेशरमधनं पासिंग पॅकेज नावाची वस्तू तयार होते. मागं असलेल्या पोरांना पास करायला चार कविता पाठ, दोन पत्रं पाठ, एक निबंध पाठ. मी पूर्ण विरोधात नाही, खरंच ज्याला अक्षर जुळत नाही त्याला फेब्रुवारीत दुसरं काय देणार, पाठ कवितेचे चार मार्क हे चार मार्क असतात. माझा राग आहे तो सगळ्या वर्गाला जूनपासनं पॅकेज वाटण्यावर. कारण पेपर नीट उघडून बघितला तर तो तितका वाईट नाही. चित्र देऊन त्यावर लिहा, मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, माहिती देऊन एखाद्याचं प्रोफाइल लिहा, पत्र लिहा, हे सगळे प्रश्न पोराला स्वतःचं लिहायला सांगतात. आपणच त्याला प्रदूषणावरचा रेडीमेड निबंध देऊन ते दार बंद करतो.

प्रोफाइलचं उदाहरण देते. गाईडमध्ये नाव, वय, उंची, छंद असा तक्ता असतो, पोरं तो जोडून वाक्यं करतात, तेवढं यायला पाहिजेच. पण त्याआधी मी घरच्या माणसाचं प्रोफाइल करून आणायला सांगते. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, त्यामुळं गावात दर चार घरामागं कोणीतरी पलटणीतलं असतंच, ते आजोबा हटकून येतात. एका पोरीनं मात्र वडगावच्या मागावर काम करणाऱ्या मावशीवर लिहिलं. 'माय आंट वीव्ह सारी. शी स्टँड फुल डे. हर लेग पेन. बट शी नो ऑल डिझाइन विदाउट सी.' व्याकरण बघा तर प्रत्येक ओळीत चूक, आणि अख्ख्या वर्गात तेवढंच एक लिखाण होतं जे मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. आम्ही दोघींनी बसून फक्त क्रियापदं नीट केली, 'वीव्ह्ज', 'स्टँड्स', 'नोज', आणि 'विदाउट लुकिंग'. दहावीला तिला एस चुकल्याचं मला आठवत नाही.

पत्राचं पण तेच, पाच मार्कांचं पत्र, फॉर्मॅट पाठ करून घ्याच, पण विषय गावातला द्या. संध्याकाळची बस थांबत नाही म्हणून डेपो मॅनेजरला, गल्लीतला दिवा गेलाय म्हणून पंचायतीच्या पीडीओला, म्हणजे विकास अधिकाऱ्याला. मुलींना २०२३ पासून शक्ती योजनेत बस फुकट झालीय, त्यामुळं गर्दी आणि ड्रायव्हर या विषयावर मुलींकडं सांगायला इतकं असतं की पत्र दोन पानांचं होतं आणि मग ते कमी कसं करायचं हे शिकवावं लागतं. पोरांना इंग्रजी लिहिताना थांबवायची वेळ यावी यासारखं सुख नाही.

प्रार्थनेच्या वेळी इंग्रजी बातम्या वाचायची पद्धत बऱ्याच शाळांत असते. पेपरातली हेडलाइन उतरवून आणतात, काय वाचतोय ते वाचणाऱ्याला कळत नाही आणि ऐकणाऱ्याला तर नाहीच नाही. मी जांबोटीकडं असताना हे बदलून गावच्या बातम्या केल्या. 'लास्ट नाइट बायसन्स केम टू अवर पॅडी फील्ड.' गव्यांनी भात तुडवला ही बातमी म्हटल्यावर सगळी रांग कान टवकारून ऐकते आणि पुढचा पोरगा विचारतो, 'हाऊ मेनी?' तो प्रश्न कुठल्या पुस्तकानं शिकवला नव्हता.

त्या भागात जाणाऱ्यांसाठी एक प्रॅक्टिकल गोष्ट, जुलैत पाऊस असा पडतो की कौलांवरच्या आवाजात तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही, त्यात करंट नाही. घसा फाडून धडा वाचू नका, ते दिवस लिहिण्यासाठी ठेवा, एक चित्र फळ्यावर काढा आणि लिहू द्या. लावणीच्या दिवसात हजेरी कमी होते, तेव्हा नवीन धडा सुरू करू नका, परत सगळं दोनदा शिकवावं लागतं.

नोकरीचं थोडक्यात. सरकारीत सहावी ते आठवीच्या भरतीला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, हायस्कूलची भरती वेगळी निघते, नोटिफिकेशन कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून बरेचजण आधी अतिथी शिक्षक म्हणून लागतात. मानधन तुटपुंजं आणि ते पण वेळेवर येईल असं नाही, सुट्टीत तर नाहीच, घरात हे आधी बोलून घ्या. आर्ट्सच्या पोस्टवर असाल तर इंग्रजीबरोबर समाजविज्ञान गळ्यात पडतं. वर सॅट्सची, म्हणजे पोरांच्या माहितीची, ऑनलाइन एन्ट्री, दूध, अंडी-केळी, वेगवेगळे दिवस साजरे करायचे, हे सगळं आहेच. आणि कन्नड वाचायला शिका, मराठी शाळेत नोकरी म्हणून कन्नड नको असं होत नाही, सगळी सर्क्युलरं कन्नडमधून येतात, मीटिंगमध्ये बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) साहेब कन्नडमध्येच बोलतात, प्रत्येक वेळी शेजारच्या सरांना विचारत बसलात की तुमच्या नावावर कुठलं काम टाकलं ते पण तुम्हाला उशिरा कळतं. सीमाप्रश्नावर तुमचं मत काय असायचं ते असू द्या, लिपी यायलाच पाहिजे. परमनंट झाल्यावर बेंगळुरूच्या रिजनल इन्स्टिट्यूटला इंग्रजी शिक्षकांचं तीस दिवसांचं ट्रेनिंग असतं, तिकडं डेप्युटेशन निघालं तर घरचं कारण सांगून टाळू नका, बाकीची ट्रेनिंगं चहा-बिस्किटांची असतात, हे तसं नाही.

दहावीनंतर काय होतं हे नवीन शिक्षकाच्या डोक्यात नसतं, म्हणून सांगते. आपलं पोरगं गणित-विज्ञान मराठीतून शिकून चांगले मार्क घेतं आणि फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतं, तिथं सगळं इंग्रजीत. काहीजण शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात चंदगडच्या बाजूला अकरावीला जातात, सायन्सला तिकडं पण इंग्रजीच. 'प्रकाशसंश्लेषण' व्यवस्थित समजलेलं पोरगं 'फोटोसिंथेसिस' ऐकून गप्प होतं आणि दिवाळीपर्यंत आर्ट्सला बदलून घेतं. हे थांबवणं एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाला जमत नाही. विज्ञानाच्या सरांशी गट्टी करा. आम्ही नववीपासनं असं ठरवलंय की विज्ञानाचा धडा सरांचा झाला की त्यातल्या दोन-तीन व्याख्या इंग्रजीतून मी घेते, अर्थ त्यांना आधीच माहीत असतो, मला फक्त वाक्य बसवून घ्यायचं असतं. एप्रिल-मेमध्ये बोर्ड संपल्यावर सायन्सला जाणाऱ्यांना बोलावून पीयूच्या पुस्तकातला पहिला धडा एकत्र वाचायचा, येतील तेवढ्यांना घेऊन. पगार नाही, सर्क्युलर नाही, तरी करा.

आणि व्हॅल्युएशनला, म्हणजे बोर्डाचे पेपर तपासायला, जायची संधी आली की जाच. गरम होतं, मेहनताना थोडा, बाकड्यावर बसून पाठ दुखते, पण परक्या पोरांचे पेपर तपासताना कळतं की मार्क जातात कुठं. प्रश्न नंबर चुकीचा टाकलेला, दोन उत्तरं एकमेकांत घुसलेली, पत्राला तारीखच नाही, आणि एकाच केंद्रावरनं आलेल्या गठ्ठ्यात शब्दाशब्दाला तोच प्रदूषणाचा निबंध, विषय वेगळा विचारलेला असताना सुद्धा. तो गठ्ठा तपासून परत आलात की जूनमध्ये वर्गात रेडीमेड निबंध डिक्टेट करायला तुमचा हात उचलणार नाही.